पहाटेचे फोटो हलू नयेत म्हणून



१६ जून ते १५ ऑगस्टची बंदी उठली की आपल्या ग्रुपवर पहाटेचे फोटो सुरू होतात. त्यात निम्मे असे असतात की मासा आहे की गोणपाट, तेच कळत नाही. हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या साली आपल्या एका भाऊचं जाळं ओंडक्यात अडकून फाटलं. त्याने अंधारातच नावेतून सहा फोटो काढले, सहाही हललेले. अर्ज परत आला. तोवर जाळं शिवून पुन्हा तापीत गेलेलं, आता पुरावा कुठून आणायचा?

कमी उजेडात फोन बिघडत नाही, उजेड गोळा करायला तो जास्त वेळ घेतो एवढंच. भर उन्हात सेकंदाच्या हजाराव्या भागात काम होतं, पहाटे तेच पंधराव्या भागापर्यंत लांबतं. तेवढ्यात हात, नाव, मासा काहीही हललं की ते फोटोत उतरतं. म्हणून आधी फोटो नीट पाहा. सगळाच एका बाजूला फरपटल्यासारखा असेल तर हात किंवा नाव हलली. नावेची कड स्पष्ट आणि मासाच पुसट, तर मासा उडाला. सगळं दुधाळ दिसत असेल तर लेन्सवर माशाचा चिकटा आहे, कोरड्या सुती कापडाने पुसा. आपल्यात हे तिसरंच जास्त, खोटं नाही सांगत.

हात हलत असेल तर खाली बसा, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडून बटण दाबा. बोटाच्या दाबानेही फोन हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. काठावर असाल तर झाडाला किंवा घाटाच्या भिंतीला टेकून उभे राहा. एकाच वेळी पाच-सहा फोटो काढा, त्यात एखादा तरी साफ निघतोच.

नाव हलत असेल तर मात्र याने भागत नाही. नाइट मोडही तिथे फसतो, कारण तो एक-दोन सेकंदांत बरेच फोटो घेऊन जोडतो. स्थिर जागी तो मोड उत्तम आहे. फोनमधलं 'स्टॅबिलायझेशन' हाताची थरथर सावरतं, उडणारा मासा नाही. अशा वेळी प्रो मोडमध्ये शटर १/१२५ ठेवा आणि आयएसओ ८०० ते १६०० करा. थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटोतला आकडा वाचता येतो, हललेल्यातला नाही. झूम करू नका, हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. त्यापेक्षा जवळ जा.

सगळ्यात सोपं म्हणजे उजेड आणा. फोनचा फ्लॅश दोन-तीन हातांपलीकडे फारसा पोचत नाही, खवल्यांवर नुसता चमकतो आणि धुक्यात तर पांढरा पडदाच होतो. सोबत्याला बॅटरी बाजूने, थोडी तिरपी धरायला सांगा. जाळ्याची फाटलेली जागाही त्यानेच उठून दिसते.

समितीला पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चांगला फोटोही दबून येतो. आणि काढल्या काढल्या तो मोठा करून बघा, काट्यावरचा आकडा वाचता येतो का. येत नसेल तर मासे टोपलीत जायच्या आत दुसरा काढा.

— सचिव