उधारीच्या वहीत माझं नाव

सॅलरी क्रेडिट झाल्याचा मेसेज आला की चार दिवस आपण राजे. पंधरा तारखेनंतर मात्र कॅफेतली कॉफीसुद्धा कार्डावर. तुमचंही असंच होतं ना? मग माझी परवाच्या शनिवारची गोष्ट ऐकाच.

माझी ताई पुण्यातल्या एका शाळेत तिसरीला शिकवते. तिच्या वर्गाचा 'बाल आनंद मेळावा' होता. म्हणजे मुलांनीच भरवलेला बाजार. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये असे मेळावे भरतातच. मुलं घरून भाजी, भेळ, सरबत आणतात, विकतात आणि हिशोबही स्वतःच करतात.

मी ऐटीत दोन ग्लास लिंबू सरबत प्यायलो आणि मोबाईल काढला. 'कोड कुठंय?' स्टॉलवरची चिमुरडी माझ्याकडे बघतच राहिली.

"मोबाईलचे पैसे नाही चालत. ते दिसतच नाहीत, मग मोजणार कसे?"

पाकिटात तीन कार्डं होती, दहा रुपये नव्हते! तिनं शांतपणे वही उघडून लिहिलं, 'बाईंचा भाऊ – १० रुपये'.

बाजार उठल्यावर खरा तास सुरू झाला. तिचे ५ रुपयांचे २० ग्लास खपले होते.

"मग १०० रुपये तुझे?" ताईनं विचारलं.

"नाही बाई. लिंबं-साखरेला आईनं ६० दिले होते. आधी आईचे परत. माझे ४०. त्यातले १० अजून यायचेत."

अख्खा वर्ग माझ्याकडे वळून हसला.

मग ताईनं फळ्यावर दोन रकाने आखले, 'गरज' आणि 'हौस'. वही, चप्पल गरजेत. चॉकलेट हौसेत. मोबाईलचा रिचार्ज? "हौस!" सगळे ओरडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाबांना कामाचा फोन त्याच्यावरच येतो." ताईनं रिचार्ज गरजेत लिहिला.

ताई म्हणते, लहानपणी आई आपल्याला नोट देऊन दुकानात पाठवायची. सुट्टे मोजता मोजता व्यवहार कळायचा. आताच्या मुलांना फक्त 'टिंग' ऐकू येतं. म्हणून आधी नाणी हातात, बँक नंतर. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच बँकांना मुभा दिली आहे. पण खातं हातात येण्याआधी हिशोब डोक्यात यायला हवा ना!

आणि मी? चार महिने कार्डाचं नुसतं 'मिनिमम ड्यू' भरत होतो. बिल भरल्याचं समाधान वाटायचं. प्रत्यक्षात बऱ्याच कार्डांवर उरलेल्या रकमेला महिन्याला ३.५ टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर! शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. हे सगळं मला माहीत होतं. 'आधी आईचे परत' एवढंच कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी नव्या फोनची ऑर्डर कॅन्सल केली. ते पैसे गेले कार्डाच्या बिलात. सोमवारी ऑफिसला जाताना शाळेत डोकावलो आणि पाचची दोन नाणी दिली. चिमुरडीनं ती मोजली, वहीतल्या माझ्या नावावर काट मारली.

खरं सांगतो, चार महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.