नवा रंग आणि मुका सेल्फ

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं. पुढे त्यांचे लोखंडी नांगर आले. त्याच बेळगावच्या परिसरात आता काही जण जुने ट्रॅक्टर हौसेने नव्यासारखे करतात. इंजिन उघडलं, रंग चढला, नवी बॅटरी बसली, आणि चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’!

अशा वेळी लगेच सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, खोलू नये. आधी गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहावं, मग मल्टिमीटर घ्यावा. पूर्ण चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर संशय बॅटरीवर.

आकडा टिकूनही सेल्फ फिरत नसेल, तर खरा चोर बहुधा अर्थिंगमध्ये असतो. रंग वीज वाहू देत नाही. चासीवर जाड थर देऊन त्यावरच अर्थिंगची पट्टी आवळली, की दिवे लागतात. पण सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह तिथेच अडतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सेल्फच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर पट्टी सोडून खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करावा, आवळावा, वर ग्रीस लावावं. बेळगावच्या पावसाळ्यात ग्रीस विसरून चालत नाही.

फर्ग्युसन टीई-20 असेल तर जपून. त्याच्या बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू मुळात चासीला जोडलेली असते, आणि सेल्फ गिअरच्या दांड्यानेच लागतो.