सभागृहाविना चाललेले शहर

नळाला पाणी किती वाजता येणार, मंडई कुठे भरणार, मृत्यूचा दाखला कोण देणार? सामान्य माणसाचा दिवस मंत्रालयापेक्षा पालिकेच्याच हाती जास्त असतो. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही तेच होते. पावाचे वजन, बिअरची प्रत, रस्त्यावरची घाण, सगळ्यांवर गावकारभाऱ्यांची नजर असे. स्ट्रॅटफर्ड गावात शेक्सपिअरच्या वडिलांना, जॉन यांना, रस्त्यावर उकिरडा केल्याबद्दल 1552 मध्ये दंड झाला. पुढच्याच वर्षी गावाला नगरपरिषदेची सनद मिळाली आणि 1568 मध्ये हेच जॉन तिचे प्रमुख झाले! ही परिषद लोकांनी निवडलेली नव्हती, सदस्यच नवे सदस्य घेत. पण ते गावातलेच असत. 1564 च्या प्लेगात त्यांनी बागेत उघड्यावर सभा भरवली आणि गरिबांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे काढले. निर्णय घेणाऱ्यालाही त्याच निर्णयाखाली राहावे लागते, ही त्या व्यवस्थेची खरी ताकद होती.

नवी मुंबईचे सुरुवातीपासून उलटे. 17 मार्च 1970 रोजी स्थापन झालेल्या सिडको या सरकारी कंपनीने 95 गावांच्या जमिनीवर शहर आखले. आखणी चोख होती, पण गावकऱ्यांनी गाऱ्हाणे मांडावे असे सभागृह त्यात नव्हते. जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न रस्त्यावर आला. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. महापालिका आली ती 1992 च्या आरंभी, आणि पहिली निवडणूक झाली 1995 मध्ये.

मे 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि पुढची पाचाहून अधिक वर्षे आयुक्तांनीच प्रशासक म्हणून कारभार पाहिला. त्या काळात शहराचे काय बिघडले, असे कुणी विचारील. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर ते देशात तिसरे आले. मुद्दा खरा आहे. कचरा हुकमाने उचलता येतो. पण मोकळ्या भूखंडावर मैदान हवे की इमारत, गावठाणाला पाणी आधी की नव्या सेक्टरला, हे प्रश्न हुकमाने सुटत नाहीत, नुसते मिटवले जातात. नगरसेवक टक्केवारी खातात, हा आक्षेपही पोकळ नाही. मात्र नगरसेवकाला मतदार घरी बसवू शकतो, आयुक्ताची बदली फक्त सरकार करते. प्रशासकाच्या राजवटीत अंदाजपत्रक आयुक्त मांडत होते, आणि मंजूरही तेच करत होते.