मेंदूच्या दोन डाळी

हरभरा भिजवून त्याचे साल काढले, की आत दोन डाळी दिसतात. आपल्या डोक्यातला मेंदूही तसाच आहे. त्याचे दोन भाग असतात. एक डावा, एक उजवा. सगळा मिळून मेंदू भरतो सव्वा ते दीड किलो.

गंमत अशी, की डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवितो आणि उजवा भाग डावी बाजू. आपण उजव्या हाताने घास उचलतो, तेव्हा हुकूम डाव्या भागातून सुटतो.

मग बोलणे कोणाकडे? १८६१ साली फ्रान्स देशात, पॅरिस शहरात, ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रोगी पाहिला. त्याला लोकांचे बोलणे समजे. पण तोंडातून ‘तां’ एवढेच निघे. तो वारल्यावर डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या भागात, पुढच्या बाजूस, तो बिघडलेला होता. बहुतेक माणसांत बोलण्याचे काम मुख्यतः डावा भाग करतो, असे पुढे ठरले.

उजवा भागही रिकामा बसत नाही. चेहरा ओळखणे, जागेचा अंदाज घेणे, बोलण्यातला राग-लोभ जाणणे, यांत त्याचा वाटा मोठा. तो दुखावला, तर काही रोगी ताटातले उजवीकडचे जेवतात आणि डावीकडचे तसेच ठेवतात. डोळे चांगले असतात, पण तिकडे लक्षच जात नाही.

दोन्ही भागांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा मध्ये असतो. इकडची खबर त्यातून तिकडे जाते. म्हणून ‘हिशेबी माणसाचा मेंदू डावा, कलावंताचा उजवा’ असे कोणी म्हणाले, तर खरे मानू नये. हिशेब असो की भजन, दोन्ही भाग राबतात.

आता कामाची गोष्ट सांगतो. एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तो अर्धांगवायू असू शकतो. मेंदूत रक्त अडते किंवा रक्तवाहिनी फुटते, म्हणून असे होते. बाहेरची बाधा समजून अंगारा लावीत बसू नये. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी व तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. गुठळी अडकली असेल, तर ती विरघळविण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

वाचा गेली म्हणून माणसाला वेडा समजू नये. पुष्कळदा त्याला आपले बोलणे कळत असते. कधी कधी तर बोलता न येणारा माणूस पाठ असलेला अभंग सुरात म्हणतो! त्याच्याशी हळू बोलावे, थोडक्यात बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी.