वेष्टनावरची न पुसणारी तारीख

खाद्यपदार्थ आणि शीतपेये यांच्या वेष्टनावरचा बहुतेक मजकूर छापखान्यातूनच छापून येतो. उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख आणि बॅच नंबर एवढा भाग मात्र दर बॅचला बदलत असल्यामुळे तो माल भरला जात असताना, धावत्या पट्ट्यावरच उमटवावा लागतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक विनियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि वापराची अंतिम तारीख या दोन्ही बंधनकारक केल्या आहेत. म्हणजे ग्राहकाच्या आरोग्याशी ज्या माहितीचा सर्वांत जवळचा संबंध, तीच कारखान्यात सर्वांत घाईने लिहिली जाते.

हे काम अनेक कारखान्यांत इंकजेट यंत्रे करतात. अशा यंत्रात शाईच्या सूक्ष्म थेंबांना विद्युतभार देऊन त्यांची दिशा वळवली जाते आणि थेंबाथेंबांनी अक्षर तयार होते. शाई क्षणात वाळावी म्हणून तिच्यात झटकन उडून जाणारे द्रावक असते. परंतु थंड बाटलीवर पाणी धरले असेल तर शाई नीट चिकटत नाही, आणि जी शाई द्रावकात विरघळते ती द्रावकाच्या बोळ्याने पुसताही येते. मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख छापण्याचा गुन्हा याच उणिवेचा फायदा घेतो, आणि लेझरचे महत्त्व मुख्यतः येथे आहे.

लेझर वेष्टनावर काही चढवत नाही, तर वेष्टनातच बदल घडवतो. वेष्टनांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत कुमार पटेल यांनी विकसित केला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्यात घेतली, ही गोष्ट महाराष्ट्रात असायला हवी तितकी परिचित नाही. या लेझरमध्ये वायूच्या रेणूंना विजेद्वारे ऊर्जा पुरवली जाते आणि ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने, साधारणपणे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीवर, बाहेर पडते. बाटली किंवा खोका जवळ आल्याची सूचना सेन्सर देतो, पट्ट्याचा वेग एन्कोडर नावाचे उपकरण मोजते, आणि त्यानुसार अत्यंत वेगाने हलणारे दोन छोटे आरसे किरण वळवून धावत्या वस्तूवर आकडे रेखाटतात. त्यासाठी पट्टा थांबवावा लागत नाही.

किरण तोच असला तरी परिणाम पदार्थागणिक वेगळा होतो, आणि या तंत्राचे खरे कौशल्य येथेच पणाला लागते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापखान्यातच गडद शाईचा एक चौकोन सोडलेला असतो. लेझर त्या शाईचा थर जाळून उडवतो आणि खालचा पांढरा कागद आकड्यांच्या रूपाने उघडा पडतो. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या ज्या पीईटी प्लास्टिकच्या असतात, ते ९.३ मायक्रोमीटरच्या आसपासची तरंगलांबी अधिक चांगली शोषून घेते, म्हणून तेथे तीच निवडली जाते. उष्णता पृष्ठभागापाशीच राहते, बारीक धुरकट पांढरी अक्षरे उमटतात आणि वायूचा दाब सोसणारी पातळ भिंत दुबळी होत नाही. काचेवर मात्र सूक्ष्म तडे पडून अक्षर दिसते. दुधाच्या पिशवीचे पॉलिथीन या किरणांना फारसे अडवत नाही, त्यामुळे ते बहुतांशी आरपार जातात आणि तेथे शाईवाचून सहसा भागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत डबा उलट हे किरण परावर्तित करतो. त्याच्यासाठी सुमारे १ मायक्रोमीटर तरंगलांबीचा फायबर लेझर लागतो.

लेझर यंत्राची किंमत इंकजेटपेक्षा बरीच जास्त असते, पण शाई आणि द्रावक यांचा रोजचा खर्च वाचतो. मात्र जळालेल्या थराचा धूर जागीच शोषून गाळणीतून जाऊ द्यावा लागतो आणि किरणांभोवती बंद आवरण ठेवावे लागते. फायबर लेझरबाबत ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते, कारण त्याचे किरण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचून कायमची इजा करू शकतात. कामगाराच्या सुरक्षिततेचा हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. तो वेगळा काढून टाळण्याची मुभा कोणत्याही कारखान्याला असू नये.

लेझरने कोरलेली तारीख खरवडता येते किंवा तिच्यावर चिठ्ठी डकवता येते, परंतु तसे केल्याची खूण मागे राहते. ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठा लाभ असला, तरी न पुसली जाणारी तारीख वाचता येईलच असे नाही. पारदर्शक बाटलीच्या मानेवर उमटलेले धुरकट आकडे योग्य प्रकाशयोजना केलेला कारखान्यातला तपासणी कॅमेरा सहज टिपतो, पण दुकानाच्या मंद उजेडात उभ्या असलेल्या वयस्क ग्राहकाला ते बाटली फिरवून फिरवूनही लागत नाहीत. कायद्याने तारीख मागितली ती त्या ग्राहकासाठी, कॅमेऱ्यासाठी नव्हे. यावर उपाय अवघड नाही: खोक्यावर असतो तसा गडद पट्टा बाटलीच्या कागदी लेबलावर छापून घेतला आणि लेझरचा रोख बाटलीच्या मानेवरून त्या पट्ट्याकडे वळवला, तर काळ्यावर पांढरे आकडे स्पष्ट उठून दिसतात, आणि त्यासाठी मुख्यतः लेबलाची मांडणी आणि यंत्राची जागा एवढेच बदलावे लागते.