व्यसनमुक्ती-समुपदेशकाचे क्षेत्रकार्य आणि रुग्णाची बोली

समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला वर्गातील अध्यापनाइतकेच महत्त्व दिले जाते. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या गेलेल्या विद्यालयापासून आपल्याकडे ही परंपरा रुजत गेली. विद्यार्थ्याने आठवड्यातून साधारणतः दोन दिवस एखाद्या संस्थेत काम करावे, त्याचा अहवाल लिहावा आणि पर्यवेक्षकाबरोबर त्यावर चर्चा करावी, असा तिचा सर्वसाधारण आराखडा आहे. व्यसनमुक्ती केंद्रात हा आराखडा वेगळ्याच कसोटीला लागतो. तेथे समोरची व्यक्ती जी मराठी बोलते ती पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत मावत नाही. आणि ती जशीच्या तशी ऐकणे ही सरावाने साधणारी गोष्ट आहे.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. संस्थापक डॉ. अनिता अवचट याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचट यांचे ‘गर्द’विषयीचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी दिलेली देणगी या कार्याला निमित्त ठरली. पुढे राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानाने पश्चिम विभागाच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही या केंद्राकडे सोपविली. लक्षणीय गोष्ट अशी, की उपचार घेऊन सावरलेले अनेक जण येथेच कार्यकर्ते झाले. उपचारार्थ आलेल्यास ‘रुग्णमित्र’ म्हणण्याची येथील रीत केवळ सौजन्याची नव्हे. ‘बेवडा’, ‘दारुडा’, ‘गर्दुल्ला’ ही समाजाने दिलेली नावे घेऊनच माणूस दारात येतो. त्याला निराळ्या नावाने हाक मारणे हाच उपचाराचा आरंभ होय.

विद्यार्थ्याची पहिली अडचण त्याच्या नोंदवहीत दिसते. ‘रुग्ण नकाराच्या अवस्थेत आहे’ असे तो लिहितो. पर्यवेक्षक विचारतो, रुग्ण नेमके काय म्हणाला? मग वाक्य निघते : ‘मनात आणलं तर उद्या सोडीन.’ दुसऱ्या खाटेवरचा सांगतो, ‘काय करणार, लागतेच.’ तिसरा म्हणतो, ‘गेल्या वर्षी सुटली होती.’ विद्यार्थ्याच्या अहवालात हे तिघे एकाच संज्ञेखाली येतात. वस्तुतः तिघे तीन जागी उभे आहेत. पहिल्या वाक्यात कर्ता स्वतः आहे, पण केवळ भविष्यकाळात. दुसऱ्यात कर्ता दिसेनासा झाला आहे. मराठीत दारू ‘चढते’, ‘लागते’ आणि ‘सुटते’ही, या क्रियापदांनी माणूस वाक्यातून सहज बाजूला सरतो. ‘सोडली’ आणि ‘सुटली’ यांतील अंतर व्याकरणाचे खरे. तथापि समुपदेशनाचा बराचसा मार्ग त्या अंतरातूनच जातो. म्हणूनच संभाषण शक्य तितके शब्दशः लिहून काढण्याची जुनी पद्धत येथे सोडून चालत नाही. संज्ञा लिहिली की वाक्य हरवते, आणि वाक्य हरवल्यावर पर्यवेक्षकाजवळ तपासण्यासारखे काही उरत नाही.

याउलट काही वाक्ये समुपदेशनाची नसतातच. नियमित व अतोनात पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तीव्र संभ्रमावस्था उद्भवू शकते. ‘भिंतीवर मुंग्या चालल्यात’ असे रुग्ण सांगू लागला, तर त्या मुंग्यांचा मानसिक अर्थ शोधत बसणारा विद्यार्थी त्याचा जीव धोक्यात घालतो. तेथे तत्काळ डॉक्टरांना बोलावणे एवढेच त्याचे काम. कुठे ऐकायचे आणि कुठे धावायचे, हा विवेक पुस्तकातून अर्धाच येतो.

सावरलेला कार्यकर्ता ही बोली जन्मजात असल्यासारखी जाणतो. थाप त्याला पहिल्या वाक्यात कळते. परंतु त्याचाही एक धोका आहे. स्वतःच्या सावरण्याची वाट हीच सर्वांची वाट, असे त्याला वाटू लागते. विद्यार्थ्याचा धोका उलटा : तो हळवा होतो, उसने पैसे देतो, घरी निरोप पोहोचवतो. पर्यवेक्षण या दोघांनाही आवश्यक आहे, हे संस्थांनी मान्य करावयास हवे. केवळ विद्यार्थ्यांपुरते ते मर्यादित ठेवणे हा काटकसरीचा विचार झाला.

कुटुंबाशी बोलताना प्रश्न आणखी नाजूक होतो. ‘आत काय बोलले हो ते?’ हा पत्नीचा प्रश्न रास्त वाटतो. तिने वर्षानुवर्षे सोसलेले असते. तरीही मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे आणि त्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नकार देताना तिला परके न करणे, हे विद्यार्थ्याला पर्यवेक्षकाच्या शेजारी बसूनच शिकता येते.

गरज किती मोठी आहे हे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून कळते. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. त्यामुळे समुपदेशक झटपट घडविण्याचा मोह समजण्यासारखा आहे.

मात्र येरवड्याची घडी सर्वत्र जशीच्या तशी बसणार नाही. दिल्लीलगतच्या मानेसरसारख्या औद्योगिक वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. पुष्कळांची पत्नी गावी, आई-वडील गावी; पाठपुराव्याच्या दिवशी सोबत येणारे कोणी नाही. भोजपुरी बोलणारा कामगार आणि हरियाणवी बोलणारा विद्यार्थी कामचलाऊ हिंदीत भेटतात, आणि त्या हिंदीत ‘छोड़ दी’ व ‘छूट गई’ यांतला फरक दोघांच्याही हातून निसटू शकतो. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने कामगाराचे वाक्य आधी त्याच्याच बोलीत लिहून घ्यावे, अर्थ त्यालाच विचारावा, आणि गावाकडच्या माणसाशी फोनवर बोलायचे असल्यास त्याची संमती घ्यावी. अशी नोंद वाचू शकणारा पर्यवेक्षक तेथे मिळतो की नाही, यावर त्या क्षेत्रकार्याचे मोल ठरेल.