दरडरोधक अडथळे

दरडरोधक अडथळे म्हणजे डोंगरउतारावरून सुटलेले दगड, माती आणि चिखलमिश्रित राडारोडा रस्ते, लोहमार्ग, पूल, वीजकेंद्रे किंवा वस्त्या यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी अडवण्यासाठी, त्याचा वेग कमी करण्यासाठी किंवा त्याला दुसरीकडे वळवण्यासाठी उभारलेली बांधकामे होत. पोलादी जाळ्या, काँक्रीटचे बंधारे, मातीचे बांध, दगड झेलणारे चर आणि रस्त्यावरील छत ही त्यांची प्रमुख रूपे आहेत. दरड कोसळण्याचे मूळ कारण हे अडथळे दूर करीत नाहीत. ठरावीक आकारमानाच्या आणि ठरावीक वेगाच्या लोंढ्यापासून ते संरक्षण देतात. डोंगराळ भागांत रस्ते व लोहमार्गांचा विस्तार झाल्यामुळे आणि अतिवृष्टीच्या घटना वाढल्यामुळे एकविसाव्या शतकात जगभर त्यांची मागणी वाढत आहे.

धोक्याचे स्वरूप

अडथळ्याची निवड प्रामुख्याने दरडीच्या प्रकारावर अवलंबून असते. उभ्या कातळातून सुटा दगड निखळून उड्या घेत खाली येतो, तेव्हा आघात एका बिंदूवर आणि क्षणभर होतो. याउलट मुसळधार पावसात ओढ्याच्या पात्रातून दगड, माती, झाडे आणि पाणी यांचे घट्ट मिश्रण लोंढ्याच्या रूपाने वाहत येते, तेव्हा दाब अनेक सेकंद किंवा मिनिटे टिकतो आणि असे लोंढे लागोपाठ येऊ शकतात. या लोंढ्याची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असू शकते. त्यामुळे पुराच्या पाण्यात बुडून जाणारे मोठे खडकही त्यात वाहून येतात आणि बहुधा लोंढ्याच्या तोंडाशीच जमा होतात.

तिसऱ्या प्रकारात उताराचा मोठा भाग मातीच्या थरासह एकदम घसरतो. उतारालगतच्या वस्तीला अशा घटनेत सावरण्यास वेळ मिळत नाही. पहिल्या दोन प्रकारांत अडथळे उपयोगी ठरतात, तर तिसऱ्या प्रकारात त्यांचा उपयोग मर्यादित असतो.

इतिहास

डोंगरी ओढ्यांना बांध घालून गाळ व दगड अडवण्याची परंपरा आल्प्स पर्वताच्या परिसरात आणि जपानमध्ये जुनी आहे. ऑस्ट्रियात १८८४ मध्ये डोंगरी ओढे व हिमलोट यांच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र सरकारी सेवा सुरू झाली. जपानमध्ये १८९७ मध्ये यासंबंधीचा कायदा करण्यात आला. तेथे या कामांना 'साबो' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'वाळू रोखणे' असा आहे. तोयामा प्रांतातील शिराइवा येथील साबो बंधारा १९३९ मध्ये पूर्ण झाला.

लवचिक पोलादी जाळ्यांचा वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. आल्प्समध्ये हिम रोखण्यासाठी लावलेल्या जाळ्या दगडही अडवतात, असे आढळून आले. एकमेकींत गुंफलेल्या पोलादी कड्यांच्या जाळीची कल्पना दुसऱ्या महायुद्धात बंदरांच्या संरक्षणासाठी वापरलेल्या पाणबुडीविरोधी जाळ्यांवरून आली. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील इलग्राबेन या ओढ्यात दरवर्षी उन्हाळ्यात अनेक लोंढे येतात. तेथे २००५ च्या सुमारास पूर्ण आकाराच्या जाळ्या लावून त्यांच्यावरील बलांचे प्रत्यक्ष मापन करण्यात आले. केवळ दगडांसाठी बनवलेली जाळी योग्य बदल केल्यास लोंढ्यासाठीही वापरता येते, हे या प्रयोगांतून दिसून आले.

हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी साउ माउ पिंग आणि पो शान मार्ग येथे झालेल्या दुर्घटनांत मिळून शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९७७ मध्ये उतारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र शासकीय कार्यालय स्थापन झाले. आरंभी त्याचा भर मानवनिर्मित उतार मजबूत करण्यावर होता. २०१० पासूनच्या कार्यक्रमात नैसर्गिक डोंगरउतारांखाली अडथळे उभारण्याच्या कामाचाही नियमितपणे समावेश करण्यात आला.

प्रकार

कातळावर पसरलेली जाळी: खोदाई केलेल्या उभ्या उतारावर वरून जाळी सोडतात किंवा ती अँकरने कातळाला घट्ट बसवतात. सैल सोडलेल्या जाळीत निखळलेला दगड जाळी व कातळ यांच्यामधून घसरत पायथ्याशी येतो. घट्ट बसवलेली जाळी दगडाला जागेवरच धरून ठेवते.

उभे लवचिक अडथळे: उतारावर ठरावीक अंतराने पोलादी खांब रोवून त्यांच्यामध्ये जाळी ताणलेली असते. आधाराच्या दोरांवर ऊर्जा शोषणारे भाग बसवलेले असतात. दगड आदळताच हे भाग ताणले जाऊन कायमचे वाकतात आणि दगडाची गतिज ऊर्जा त्यात खर्च होते.

ओढ्यातील जाळ्या: या जाळ्या पात्राच्या दोन्ही काठांना अडकवून आडव्या ताणतात. तळाशी मोकळी जागा ठेवल्यामुळे एरवी पाणी, बारीक गाळ आणि प्राणी अडथळ्याविना जाऊ शकतात. मोठा लोंढा आल्यावर पाणी जाळीतून निथळते आणि दगड मागे साचतात.

कडक बंधारे: काँक्रीट किंवा दगडी बांधकामाचे हे बंधारे अधिक टिकाऊ असतात. बंद बंधारा काही वर्षांत गाळाने भरतो. म्हणून उभ्या फटी ठेवलेले किंवा पोलादी नळ्यांच्या चौकटीचे बंधारे वापरतात. ते नेहमीचा गाळ पुढे जाऊ देतात आणि मोठे खडक व ओंडके अडवतात.

बांध, चर आणि भिंती: जागा उपलब्ध असल्यास पायथ्याशी मातीचा बांध किंवा खोल चर हा साधा आणि परिणामकारक उपाय ठरतो. तारेच्या पेट्यांत दगड भरून रचलेल्या गॅबियन भिंतींतून पाण्याचा निचरा होतो. तिरप्या भिंती लोंढ्याला बाजूला वळवतात. जून २०१३ च्या केदारनाथ आपत्तीत मंदिरामागे येऊन थांबलेल्या प्रचंड शिळेमुळे प्रवाह दुभंगला आणि मंदिर बचावले, असे मानले जाते. वळवणाऱ्या भिंतींमागील तत्त्वही हेच आहे.

रस्त्यावरील छत: रस्त्यावर किंवा लोहमार्गावर काँक्रीटचे छत बांधल्यास दगड व चिखल त्यावरून पलीकडे जातो. बोगद्याचे तोंड बाहेर वाढवणे हा याचाच एक प्रकार आहे.

आरेखन

दगडासाठीच्या अडथळ्याची क्षमता तो किती ऊर्जा शोषू शकतो यावरून किलोज्यूलमध्ये सांगतात. एक घनमीटर आकाराच्या बेसाल्टच्या दगडाचे वजन सुमारे २.८ टन असते. तो सेकंदाला २५ मीटर वेगाने आल्यास त्याची गतिज ऊर्जा सुमारे ८७५ किलोज्यूल भरते. वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. त्यामुळे दगड किती उंचीवरून सुटेल आणि वाटेत किती उड्या घेईल, याचा अंदाज त्याच्या वजनाइतकाच महत्त्वाचा असतो. अडथळ्यांची क्षमता १०० किलोज्यूलपासून सुमारे १०,००० किलोज्यूलपर्यंत असते. युरोपीय पद्धतीनुसार किमान २५ मीटर प्रति सेकंद वेगाने काँक्रीटचा ठोकळा जाळीवर आदळवून तिची चाचणी घेतात आणि आघातानंतर जाळीची किती उंची शिल्लक राहिली, हेही तपासतात.

लोंढ्याच्या बाबतीत दाब, एकूण आकारमान आणि लोंढ्यांची संख्या विचारात घ्यावी लागते. गतिमान दाब घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दोन टन प्रति घनमीटर घनतेचा लोंढा सेकंदाला आठ मीटर वेगाने आल्यास हा गुणाकार १२८ किलोपास्कल येतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १३ टनांचा भार पडतो. जाळी भरल्यानंतर पुढचा लोंढा तिच्यावरून जातो. म्हणून वरच्या दोरांना झीज होऊ नये यासाठी संरक्षक आवरण लावतात आणि एकाच ओढ्यात पायऱ्यांप्रमाणे अनेक जाळ्या बसवतात.

मागणी वाढण्याची कारणे

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या माहितीनुसार बर्फाच्छादित प्रदेश वगळता भारताचे सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे १२.६ टक्के क्षेत्र दरडप्रवण आहे. त्यांपैकी सुमारे ०.९ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र पश्चिम घाट व कोकणात येते. या क्षेत्रातून जाणाऱ्या मार्गांचे चौपदरीकरण करताना डोंगराचा पायथा कापावा लागतो. त्यामुळे पूर्वी स्थिर असलेला उतार अधिक उभा होतो आणि त्याचा खालचा आधार नाहीसा होतो. वाहतूक वाढल्यामुळे मार्ग काही तास बंद राहिला तरी मोठे नुकसान होते.

दुसरे कारण पावसाच्या स्वरूपातील बदलाचे आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढल्यास तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

तिसरे कारण वणव्यांचे आहे. जळालेल्या उतारावर पाणी धरून ठेवणारी झाडी उरत नाही. कॅलिफोर्नियातील माँटेसिटो येथे वणव्यानंतर ९ जानेवारी २०१८ रोजी आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात २३ जणांचा बळी गेला. पुढच्या वर्षी तेथील घळींत सहा पोलादी जाळ्या तात्पुरत्या स्वरूपात लावण्यात आल्या. काँक्रीटच्या बंधाऱ्यापेक्षा जाळी कमी वेळात उभी राहते आणि तिचे सुटे भाग हेलिकॉप्टरने नेता येतात, हेही मागणी वाढण्याचे एक कारण आहे.

महाराष्ट्रातील वापर

कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. जांभा दगड, माती आणि बेसाल्ट यांतील खोल खोदाईतून तो जातो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळांवरील दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर उतारांची तीव्रता कमी करणे, सैल दगड काढणे, जाळ्या लावणे आणि खोल मुळांचे गवत लावणे ही कामे वाढवण्यात आली. 'रक्षा धागा' ही इशारा देणारी यंत्रणाही विकसित करण्यात आली. तिच्यात खोदाईलगत ताणलेल्या तारेवर दगड पडल्यास गाड्यांना धोक्याचा इशारा मिळतो. याशिवाय पावसाळ्यात गाड्या स्वतंत्र वेळापत्रकानुसार कमी वेगाने चालवल्या जातात.

मध्य रेल्वेच्या बोर घाट व थळ घाट विभागांत जाळ्या, दगड झेलणारी कुंपणे, बोगद्यांची वाढवलेली तोंडे आणि दगड साठवणारे चर यांचा एकत्रित वापर होतो. पावसाळ्यापूर्वी 'हिल गँग' म्हणून ओळखली जाणारी कामगारांची पथके डोंगरावर चढून सैल दगड शोधतात आणि ते नियंत्रित पद्धतीने खाली पाडतात.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर १९ जुलै २०१५ रोजी आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून जीवितहानी झाली. त्यानंतर घाटातील धोकादायक कातळांवर जाळ्या लावण्यात आल्या. जुलै २०२३ मध्ये आडोशीजवळच पुन्हा दरड कोसळली. मुंबई–गोवा महामार्गावरील परशुराम घाटातही चौपदरीकरणाच्या खोदाईनंतर दरडी कोसळण्याच्या घटना घडल्या. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगी गडावर मंदिरावरील कड्यातून सुटणाऱ्या दगडांपासून भाविकांचे संरक्षण करण्यासाठी जाळ्या बसवल्या आहेत.

देखभाल

दगड किंवा लोंढा अडवल्यानंतर अडथळ्याची उरलेली क्षमता कमी होते. भरलेली जाळी पुढच्या लोंढ्याला पूर्वीइतके अडवू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक घटनेनंतर राडारोडा काढणे, ताणले गेलेले ऊर्जाशोषक भाग बदलणे आणि अँकर तपासणे आवश्यक असते. त्यासाठी यंत्रे अडथळ्यापर्यंत पोहोचतील असा रस्ता मूळ आराखड्यातच ठेवावा लागतो. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशात पोलाद लवकर गंजते, म्हणून जस्त व ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या तारा वापरतात. जाळीवर वाढणारी झाडेझुडपेही वेळोवेळी काढावी लागतात. उभारणीसाठी निधी मिळतो, परंतु वार्षिक सफाईसाठी स्वतंत्र तरतूद नसल्यास काही पावसाळ्यांतच अडथळा निरुपयोगी होऊ शकतो.

मर्यादा

ओढ्यातील एक लवचिक जाळी साधारणतः काहीशे ते काही हजार घनमीटर राडारोडा धरू शकते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात कोसळलेल्या खडक व बर्फाचे आकारमान सुमारे २.७ कोटी घनमीटर होते. त्यामुळे आलेल्या लोंढ्याने तपोवन येथील जलविद्युत प्रकल्पाची मोठी हानी केली. केरळच्या वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ रोजी सुटलेला लोंढा सुमारे आठ किलोमीटर वाहत गेला. अशा आकाराच्या घटना नेहमीच्या अडथळ्यांच्या आवाक्याबाहेर असतात.

महाराष्ट्रात माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) येथे वस्तीवरच दरड कोसळली. माळीणमध्ये १५१ जणांचा, तर तळीयेत ऐंशीहून अधिक जणांचा मृत्यू झाला. इरशाळवाडीत २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. अशा ठिकाणी धोक्याचे नकाशे तयार करणे, पाण्याचा निचरा सुधारणे, पावसाच्या प्रमाणावर आधारित इशारा देणे आणि आवश्यक तेथे पुनर्वसन करणे हे उपाय अडथळ्यांपेक्षा अधिक उपयुक्त मानले जातात.

अडथळ्यामुळे उतार पूर्णपणे सुरक्षित झाल्याचा समज निर्माण होऊन त्याखाली नवी बांधकामे होण्याचाही धोका असतो. जपानमध्ये १९९९ च्या हिरोशिमा आपत्तीनंतर २००० मध्ये झालेल्या कायद्याने धोक्याची क्षेत्रे ठरवून तेथील बांधकामावर निर्बंध घालण्याची तरतूद केली. तरीही ऑगस्ट २०१४ मध्ये हिरोशिमातच आलेल्या लोंढ्यांत सत्तरहून अधिक माणसे दगावली. डोंगराच्या पायथ्यापर्यंत वाढलेली वस्ती हे या हानीचे एक प्रमुख कारण होते. त्यामुळे अडथळ्यांची उभारणी, जमीनवापराचे नियोजन आणि पूर्वसूचना यांचा एकत्रित विचार दरडींच्या व्यवस्थापनात केला जातो.